हललं की वाजेल

माझं काम मला येतं, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून कुणालाही शंका येईल. वीस वर्षं मी कॅमेरे बसवतो आहे. गोदामं, शाळा, दुकानं, एकदा तर एका गृहस्थाच्या कोंबड्यांच्या खुराड्यात. त्यामुळे आई ज्या वृद्धाश्रमात राहायची तो चालवणाऱ्या मॅडमनी कॅमेऱ्यांचा विषय काढला, तेव्हा मी दुसऱ्या कुणाला त्यात हात घालू दिला नाही. म्हटलं, घरचंच काम आहे.

चौदा खोल्या, चौदा कॅमेरे. सगळ्या वायरी ऑफिसातल्या कपाटात आणल्या आणि तिथे नेटवर्क स्टोरेजचा डबा ठेवला, बुटांच्या खोक्याएवढा. त्यात दोन हार्ड डिस्क. दोन्हींवर तेच चित्रण लिहिलं जाईल असं लावलं, म्हणजे एक मेली तरी दुसरी जिवंत राहते. मॅडमना तीस दिवसांचं चित्रण हाताशी हवं होतं. चोवीस तास सगळं साठवलं तर त्या डिस्कवर जेमतेम आठ दिवस मावत होते. मग आमच्या धंद्यात सगळेच करतात ते मी केलं. हलेल तेवढंच साठवायचं. कॅमेऱ्यापुढे काही हललं की रेकॉर्डिंग सुरू, हलायचं थांबलं की बंद. म्हातारी माणसं दिवसभरात हलतात ती किती? आठ दिवसांच्या जागेत तीस दिवस आरामात बसले आणि मी स्वतःवरच खूश झालो.

वर आणखी एक सोय करून दिली, कुणी मागितली नसताना. ऑफिसातल्या स्क्रीनला घंटा जोडली. खोलीत काही हललं की घंटा वाजते आणि ती खोली स्क्रीनवर मोठी दिसते; एरवी चौदाही खोल्या बारीक चौकटींत. तोवर तिथली सेविका, जिला सगळे मावशी म्हणत, दर तासाला चौदाही खोल्यांत डोकावून यायची. तिचे गुडघे पार कामातून गेले होते. मीच तिला म्हणालो, "मावशी, आता फेऱ्या कशाला मारता? हललं की वाजेल. वाजलं नाही म्हणजे सगळं निवांत आहे, असं समजा." मॅडम शेजारीच उभ्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून फेऱ्या बंद झाल्या.

आई कॉटवर बसून माझी मजा बघत होती. मी लहानपणी घरातली घड्याळं उघडून बसायचो, तेव्हापासून ती मला खटपट्या म्हणायची. शिडीवरून उतरलो तेव्हा तिने विचारलं, आणि मी हललेच नाही तर? मी म्हणालो, तर झोपली आहेस असं समजू. यावर ती म्हणाली, उंटावरचा शहाणा आहेस. आणि आम्ही दोघंही हसलो.

तिला खिडकी सताड उघडी लागायची. थंडी असो, धूळ असो, खिडकी लावली की तिचा जीव गुदमरायचा. त्यामुळे तिच्या खोलीतला पडदा दिवसभर फडफडायचा आणि ऑफिसात घंटा वाजत राहायची. डिस्कही पडद्याच्याच चित्रणाने भरायला लागली. मावशीचे दोन दिवसांत तीन फोन आले. पडद्यापुरती चौकट आखून कॅमेऱ्याला 'इथलं हलणं धरू नकोस' असं सांगता येतं, पण त्यासाठी समोर बसून अर्धा तास घालवावा लागतो. मी दुसऱ्या कामावर होतो. फोनवरूनच तिच्या खोलीचा, किती बारीक हालचाल धरायची तो आकडा खाली ओढला आणि घंटा गप्प झाली. चौकट नंतर येऊन आखू म्हटलं. नंतर म्हणजे कधी, ते तुम्हालाही माहीत आहे.

सात महिन्यांनी एका दुपारी आई खोलीत पडली आणि गेली. मॅडमनी फोनवर सांगितलं की पडल्या, मावशी लगेच धावल्या, पण सगळं संपलं होतं. ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, ते धरून बसली. निदान पडून राहिली नाही, असं भेटेल त्याला सांगत होती. मला मात्र डॉक्टरचं बोलणं खुपत होतं. ते सहा वाजता आले होते आणि सहज बोलून गेले होते की अंग अजून कोमट आहे, जाऊन फार वेळ झालेला नाही. दुपारी पडताच गेली असेल, तर सहा वाजता 'फार वेळ झालेला नाही' कसं? आई किती वेळ एकटी पडून होती, हे मला कळायलाच हवं होतं. आणि कुणामुळे, तेही. त्या माणसाला मी सोडणार नव्हतो.

चौथ्या दिवशी ताईला घेऊन मी तिथे गेलो आणि रेकॉर्डिंग मागितलं. मॅडमनी आढेवेढे घेतले नाहीत. त्यांनी ते आधीच पाहिलं होतं. मावशी दाराशी उभी होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

स्क्रीनवर आई उठली. चष्मा लावला, दोन पावलं खिडकीकडे गेली, पायात चादर अडकली आणि ती कोसळली. आवाज नव्हता, कारण मायक्रोफोन मी लावले नव्हते. ती पडली, आणि पुढच्याच क्षणी दार उघडून मावशी आत धावत आली, तिच्यापाशी खाली बसली.

ताईने रडतच मावशीचे दोन्ही हात धरले. "लगेच आलात हो तुम्ही," ती म्हणाली. मावशीने हात सोडवून घेतले.

मी बघत होतो कोपऱ्यातल्या घड्याळाकडे. आई पडली तेव्हा एक वाजून सत्तेचाळीस मिनिटं. मावशी आली तेव्हा चार पंचावन्न. मधलं काही साठलेलंच नव्हतं, म्हणून रेकॉर्डिंग मधलं ओलांडून पुढे गेलं होतं. बघणाऱ्याला वाटावं, एक श्वाससुद्धा मध्ये गेला नाही.

मग माझा तोल गेला. तीन तास आठ मिनिटं, असं मी ओरडून सांगितलं. माझी आई तीन तास फरशीवर होती आणि तुम्ही इथे काय करत होता, गप्पा छाटत होता? मॅडमना बोललो, मावशीला बोललो, ज्या बाईने वर्षभर आईची नखं कापली तिला नाही नाही ते बोललो. ताई मध्ये पडली, तिलाही झटकलं.

मावशीने मला संपू दिलं. मग हळूच म्हणाली, "दादा, घंटा वाजली होती. मी ताटं गोळा करत होते, चार खोल्यांच्या घंटा एकदमच वाजत होत्या. येऊन बघितलं तोवर ती थांबली होती. पुन्हा वाजली नाही. चहाला उठवायला आले तेव्हाच कळलं. तुम्हीच सांगितलं होतं ना, वाजलं नाही म्हणजे निवांत."

मी म्हणालो की पडलेलं माणूस हात हलवतं, पाय हलवतं, तेव्हा वाजायला हवी होती. ती म्हणाली, नाही वाजली. तिचं खरं करायचं की माझं, म्हणून मी तावातावाने सेटिंग उघडलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तेरा खोल्यांपुढे साठ होते. आईच्या खोलीपुढे वीस. तो मीच फोनवरून ओढलेला आकडा. पडद्यासाठी.

मॅडमनी विचारलं, हा आकडा कशाचा. ताईला म्हणालो, तू इथे स्क्रीनपाशी बस. मी खोलीत जातो. आत शिरताना वाजेल ती सोड; पुन्हा घंटा वाजली की ये, तोवर उठू नकोस.

आईची खोली अजून कुणाला दिली नव्हती. कॉटवरची गादी उलटून ठेवली होती. खिडकी बंद होती, ती मी उघडली, कारण सगळं तसंच व्हायला हवं होतं. मग ती पडली होती तिथे, कॉट आणि खिडकीच्या मधल्या पट्टीत, उजव्या कुशीवर आडवा झालो. मी आत आलो तेव्हा लांब ऑफिसात घंटा वाजलेली ऐकू आली होती. ती पूर्ण थांबावी म्हणून मनात शंभर मोजले.

मग बोटं हलवली. मग मनगट. मग कोपरापासून हात उचलून कॅमेऱ्याकडे बघत हलवला, निरोप देताना हलवतात तसा. दारातून सगळा पॅसेज ऐकू येत होता. कुणाचा तरी खोकला, नळ, एका म्हाताऱ्याचा रेडिओ. घंटा नव्हती. फरशी गार होती आणि कॉटखाली तिची एक चप्पल राहिली होती. वर पडदा फडफडत होता, जसा तिला आवडायचा तसा. पुन्हा हात हलवला. पाय ओढून घेतले. "ताई," अशी हाक मारली, नेहमीच्या आवाजात. मग "आई" म्हणालो, आणि मला रडू आलं. रडताना माझे खांदे हलत होते आणि तेही कॅमेऱ्याने धरलं नाही.

किती वेळ गेला कळलं नाही. शेवटी ताई आपण होऊन आली. तिने घंटेची वाट पाहणं सोडलं होतं. माझ्यापाशी खाली बसली.

"तू हात हलवत होतास," ती म्हणाली. "मला स्क्रीनवर दिसत होतं. तू सारखा हात हलवत होतास आणि वाजतच नव्हतं."

"नाही वाजणार," मी म्हणालो. "आकडा मी कमी केला होता."

दोषी कोण ते तिला आता सांगायची गरज नव्हती. ती भांडेल असं मला वाटलं, भांडली असती तर बरं झालं असतं. तिने पडद्याकडे बघितलं, कॅमेऱ्याकडे बघितलं, आणि फक्त एवढंच विचारलं, "आईने हलवला असेल का रे हात?"

वीस वर्षांत कुणी काही विचारलं आणि मला डब्यातून काढून दाखवता आलं नाही, असं झालं नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हणालो. "ते मी साठवलंच नाही."