माघारीची वाट

फरहाननं फोनवर अंगठा दाबला आणि अमेरिकेतलं ते भलंमोठं झाड पडता पडता टीव्हीवर थांबलं.

"बोला!" तो ओरडला. "शेंडा कुठं पडतंय? लवकर बोला!"

चांदपाशाच्या लाकूड चिरायच्या आरा मशीनवर रविवारची ही गंमत ठरलेली होती. आठवडाभर किंचाळणारं पातं त्या दिवशी बंद असायचं. मग चांदपाशाचा मुलगा फरहान ऑफिसातल्या टीव्हीवर देशोदेशीचे झाडं पाडायचे व्हिडिओ लावायचा. ऐन मोक्याला चित्र थांबवायचं, प्रत्येकानं काचेवर बोट ठेवून शेंडा कुठं पडेल ते सांगायचं आणि ज्याचं बोट सगळ्यात लांब राहिलं त्यानं चहा पाजायचा. अख्ख्या बिलोलीत एवढा तापलेला खेळ दुसरा नव्हता. ट्रॅक्टरवाला मलप्पा गेले तीन रविवार एकटाच चहा पाजत होता, तरी पहिलं बोट त्याचंच असायचं.

"हे इथं! डोळे झाकून सांगतो," मलप्पानं काचेवर बोट आपटलं.

"डोळे झाकूनच सांगतोस तू नेहमी," चांदपाशा म्हणाला आणि आपलं बोट त्यानं बरोबर मधे ठेवलं. "सीधा जाईल. खाच किती साफ घेतली बघ पठ्ठ्यानं."

"उजवीकडं पडतंय," दारातून आवाज आला. "आन त्यो माणूस वाचला तर नशिबानं."

सगळ्यांनी मागं पाहिलं. दारात नागुबाई पोत्यात लाकडाचा भुसा भरत होती. रविवारी विहारातून परतताना शेगडीसाठी पोतंभर भुसा न्यायचा, हा तिचा वर्षानुवर्षांचा नेम. आजवर तिनं कधी टीव्हीकडं मान वर करून पाहिलं नव्हतं.

फरहाननं हसत अंगठा उचलला. झाड करकरलं, भोवऱ्यासारखं अर्धं फिरलं आणि उजवीकडच्या जीपवर धाडकन आडवं झालं. तोडणारा कापायची मशीन टाकून पळाला, फांदीत पाय अडकून तोंडावर पडला आणि कसाबसा उठला.

एकच गलका झाला.

"मावशी, तुम्ही हे आधी पाहिलेलं हाय!"

"माझ्या बटनाच्या फोनवर व्हय रे?"

"मग कसं ओळखलं?"

नागुबाईनं पोतं खाली ठेवलं. "समदा भार उजव्या फांदीला, आन खाच घेतली समोर. दोर न्हाई, पाचर न्हाई. झाड भाराच्या मागंच जाणार की. आन तुम्ही झाडाकडं काय बघून राहिलात? माणसाच्या पायाकडं बघा. मागं एवढ्या फांद्या पसरल्यात, ह्याला पळायचं कुठून तेच ठावं न्हाई."

मग काय, फरहाननं एकामागून एक व्हिडिओ लावायचा सपाटा लावला. ब्राझील झालं, मलेशिया झालं, कुठला तरी जंगलातला हेल्मेटवाला झाला. नागुबाई प्रत्येक वेळी पदराला हात पुसायची, काचेवर बोट टेकवायची आणि प्रत्येक वेळी झाड मुकाट्यानं तिच्या बोटाखाली येऊन पडायचं. पाचव्या झाडाला मलप्पानं डोक्यावरची टोपी काढून तिच्या पायाशी ठेवली. नागुबाईलाही चेव आला होता. गालांवर लाली चढली होती. इतकं हसून तिला किती तरी वर्षं झाली होती.

चांदपाशा मात्र फारसा चकित झाला नव्हता. नागुबाईचा नवरा ग्यानोबा या पंचक्रोशीतला नाणावलेला झाडतोड्या. कुऱ्हाड आणि दोन माणसांची करवत, एवढ्यावर चाळीस वर्षं त्यानं झाडं पाडली, आणि चाळीस वर्षं दोराचं टोक नागुबाईच्या हातात होतं.

"ग्यानोबानं तोडलेल्या बुंध्यावर चहाची बशी ठेवावी," चांदपाशा म्हणाला, "थेंब सांडणार न्हाई."

"बशीचं मरू द्या, भाऊ," नागुबाई म्हणाली. "दहाच्या दहा बोटं घेऊन अंथरुणात मेला माझा माणूस. ह्या धंद्यात असं कितीजण मेले?"

पुढचा व्हिडिओ कुठल्याशा बर्फाच्या देशातला होता. एक म्हातारा फावडं घेऊन झाडामागचा बर्फ ओढत होता. ओढतच होता.

"हे पुढं ढकल," मलप्पा वैतागला. "हा बाबा अर्धा तास बर्फच काढतोय."

"थांब!" नागुबाई इतक्या जोरात ओरडली की फरहानच्या हातून फोन निसटता निसटता राहिला. "ढकलू नको. बघू दे मला."

म्हाताऱ्यानं बुंध्यापासून मागं तिरकी, हातभर रुंद वाट मोकळी केली. फावडं ठेवलं. मग त्या वाटेनं तो उलट्या पावलांनी, झाडाकडं तोंड करून मागं गेला. परत आला. पुन्हा गेला. तेव्हा कुठं त्यानं मशीनला हात घातला.

"ह्यो!" नागुबाईच्या डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू एकदमच आलं. "ह्यो माणूस! ग्यानोबा बी असंच करायचे. आधी माघारीची वाट. मी खराट्यानं झाडायची, खडा बी ठेवायची न्हाई, आन ते दोनदा चालून बघायचे. लोकं हसायची, ग्यानोबा पळायची तालीम करून राहिला म्हणून. बघा, त्या मुलखात बी करतेत!"

हजारो कोसांवरच्या त्या अनोळखी म्हाताऱ्याला उठून जेऊ घालावं, असं तिला वाटलं. त्याचं झाड कुठं पडलं हे पाहायचंही ती विसरली.

"आता आपल्या घरचा माल बघा, मावशी," फरहान म्हणाला. "दोन लाख लोकांनी पाहिलाय!"

टीव्हीवर नागुबाईचा मुलगा आनंदराज आला. देगलूरकडची उंच निलगिरी. मशीन घरघरली, झाड हललं, आणि आनंदराज झाडाकडं पाठ करून तीन पावलं सरळ पुढं आला. थेट फोनसमोर. हाताची घडी घातली, हसला, आणि त्याच्या मागं निलगिरी विजेच्या तारेला हातभर चुकवून कोसळली. वर दणदणीत गाणं होतं. ऑफिसात शिट्ट्या वाजल्या.

दोन लाख लोकांनी जे पाहिलं नव्हतं ते नागुबाईनं पाहिलं होतं. झाड पडताना तिच्या लेकाचं तोंड झाडाकडं नव्हतं.

भुशाचं पोतं न घेताच ती घरी गेली.

त्या आठवड्यात ती आनंदराजला एकदाच बोलली. तो जेवत होता.

"झाडाकडं पाठ करू नको रे."

"माय, लोकांना तेच आवडतंय. माझी ओळखच ती हाय आता. पुण्याहून फोन येऊन राहिलेत." त्यानं भाकरी मोडली. "आन मला कळतंय की, झाड कुठं जाणार हाय ते."

कळत होतं, हे खरंच होतं. हात बापाचा होता. म्हणूनच नागुबाईला जास्त भीती वाटत होती.

पुढच्या रविवारचं काम मोठं होतं. जवळच्या गावात शाळेच्या पत्र्यावर एक जुनाट, निम्मा वाळलेला कडुलिंब कलला होता. परवानगीचा कागद आला होता, तारांतली वीज बंद केली होती. एका बाजूला वर्गखोल्या, दुसऱ्या बाजूला पाण्याची टाकी, आणि मधल्या बोळात लिंब कलल्याच्या उलट बाजूला आणून निजवायचा होता. सगळं गाव लोटलं होतं. पोरं भिंतींवर, बायका ओट्यांवर, आणि जो तो फोन वर धरून. लांब दोराच्या टोकाला मलप्पाचा ट्रॅक्टर बांधलेला.

फरहाननं झाडाच्या बरोबर मागं, दूरवर स्टँड लावून फोन बसवला. मग तो पुढं गेला आणि बुंध्यापासून तीन पावलांवर चुन्याच्या फक्कीनं फुली मारली.

"आनंद, इथं उभं राहायचं. इथून तू बी येतोस आन झाड बी येतंय."

आनंदराजनं मान डोलावली. एवढ्यात ट्रॅक्टरवरून नागुबाई उतरली. हातात खराटा होता.

ती कुणाकडं न बघता बुंध्याशी गेली आणि झाडायला लागली. बुंध्यापासून तिरकी, मागं डावीकडं, थेट पाण्याच्या हापशापर्यंत. काटक्या काढल्या, विटेचा तुकडा उचलला, पत्र्याची धार असलेली एक पट्टी लांब फेकली. आधी एकजण हसला, मग गावच हसलं. "शाळा झाडायला मावशी लावली काय रे?" कुणीतरी ओरडलं. फोन तिच्याकडं वळले.

आनंदराजचे कान लाल झाले. "माय, काय करून राहिलीस? लोकं हसायलेत."

"हसू दे. तुझ्या बापाला बी हसायचे."

"अगं, हापसा तिकडं, फोन इकडं. त्या वाटेनं गेलो तर दिसणार न्हाई मी."

"हाव," नागुबाई म्हणाली. "न्हाई दिसणार."

त्या वाटेनं ती स्वतःच उलट्या पावलांनी दोनदा चालली, खराटा काखेत मारला आणि लोकांच्या मागं जाऊन उभी राहिली. बोलून कुणाचे पाय वळत नाहीत, एवढं तिला ठाऊक होतं.

मशीन पेटली. समोरची खाच सुरेख निघाली, कलिंगडाची फाक काढावी तशी. गाव आरडाओरड करू लागलं. आनंदराज बुंध्याच्या मागं आला, पातं आत शिरलं, पांढऱ्या भुशाचा फवारा उडाला. नागुबाईलाही राहवेना. ती टाचा उंचावून बघत होती, आणि भीतीच्या पोटातच तिला लेकाचा अभिमानही वाटत होता. काय हात चालत होता त्याचा!

मग भुसा एकदम तपकिरी झाला.

गावाला त्यात काहीच दिसलं नाही. पण जिनं जन्मभर भुसा भरला तिला तेवढं पुरे होतं. लिंब आतून सडला होता. आता बुंधा कुठून फुटेल आणि कुणीकडं उसळेल, ते सांगता येणार नव्हतं.

आनंदराजलाही दिसलं असावं. त्यानं मशीन थांबवली. दोन पाचरी ठोकल्या, कान देऊन ऐकलं, मलप्पाला हात केला. ट्रॅक्टर गुरगुरला, दोर ताठ झाला. मशीन पुन्हा पेटली, आणखी दोन बोटं पातं आत गेलं आणि लिंब बोलला. कड, कड, कड.

"आला! आला! आला!" पोरं किंचाळली.

नागुबाईनं शेंड्याकडं पाहिलंच नाही. ती लेकाच्या पायांकडं पाहत होती. आनंदराजनं मशीन खाली टाकली. डावा पाय फुलीकडं उचलला गेला. दोनशे फोन त्या पायावर रोखलेले होते. पाय तसाच अधांतरी राहिला, निदान नागुबाईला तरी तो फार वेळ राहिल्यासारखा वाटला.

मग तो वळला. झाडाकडं तोंड करून, उलट्या पावलांनी, झाडलेल्या वाटेनं. एक, दोन, तीन. कुठं अडखळला नाही. आठव्या पावलाला त्याची पाठ हापशाला टेकली, आणि लिंब दोन भिंतींमधल्या बोळात अलगद जाऊन निजला. पत्र्याला फांदीसुद्धा घासली नाही. पण बुंधा खालच्या खुंटापासून फाटला, बैलानं लाथ झाडावी तसा मागं उसळला आणि दणकन आपटला.

धूळ खाली बसली तेव्हा फुली कुठं दिसेना. बुंध्याच्या खालून थोडा चुना तेवढा बाहेर आला होता.

गाव नाचत होतं. मलप्पा ट्रॅक्टरचा भोंगा वाजवत होता. नागुबाईचा जीव भांड्यात पडला. ती खराट्यासकट मटकन खाली बसली. पलीकडं आनंदराज त्या चुन्याकडं बघत उभा होता. मग त्यानं हापसा मारला आणि ओंजळीनं पाणी प्यायला. बराच वेळ पीत होता.

पुढच्या रविवारी नागुबाई आरा मशीनवर आली तेव्हा फरहानचं तोंड उतरलेलं होतं.

"एवढं झाड पडलं, मावशी, आन दोनशे लोकांनी बी पाहिलं न्हाई. बघणार काय? हिरोच न्हाई व्हिडिओत! लोकं विचारायलेत, माणूस कुठंय म्हणून."

"लाव बरं."

फरहाननं लावला. झाड पडलं, धूळ उडाली.

"परत लाव."

परत लावला. तिसऱ्यांदा लावला. चांदपाशानं चष्मा पुसला. बाहेर मोटारसायकल थांबली. दुसऱ्या एका कामाला निघालेला आनंदराज माईला घरी सोडायला आला होता. मशीनच्या पेटीवर दोरीनं खराटा बांधलेला होता.

चौथ्यांदा नागुबाई म्हणाली, "थांबव."

पडता लिंब हवेत थांबला. मलप्पानं झडप घालून काचेवर बोट ठेवलं. "इथं! आज तरी मी चुकत न्हाई, मीच ओढलंय त्याला!"

सगळे खो खो हसले.

"मावशी, तुमचं बोट?" फरहान म्हणाला.

नागुबाईनं पदराला हात पुसला. बोट काचेवर टेकवलं, बुंध्यावरून, पांढऱ्या फुलीवरून, झाडलेल्या जमिनीवरून हळूहळू डावीकडं सरकवत नेलं. काच संपली. टीव्हीची काळी कड संपली. बोट भिंतीवर आलं आणि तिथं थांबलं.

"इथं हाय त्यो," ती म्हणाली.

दारातून आनंदराज आत आला आणि भुशाचं पोतं उचलून त्यानं खांद्यावर घेतलं.