अर्धं वाक्य

जरतर मास्तर म्हणजे ताईचे अण्णा. शाळेत इंग्रजी शिकवायचे, आणि शिकवायचे कसले, पोरांना सोलून काढायचे. वर्गात शिरतानाच अर्धं वाक्य फेकायचे, "इफ द बेल रिंग्ज...". ज्याच्याकडे बोट जाईल त्यानं उरलेलं अर्धं लगेच परत द्यायचं, "वी शॅल गो होम." घंटा झाली तर घरी जाऊ. अडखळला की हातावर फूटपट्टी. "जर म्हणून दार उघडलंत ना, मग तर म्हणून लावून घ्या!" असं खेकसायचे. ताईही त्यांच्याच वर्गात होती, आणि घरचीच म्हणून तिला दोन जास्त बसायच्या.

तर अशा माणसाची वाचाच गेली. झटका आला, उजवं अंग लुळं पडलं आणि तोंडातून शब्द म्हणून फुटेना. पाणी हवं की नको, हेही कळायला मार्ग नाही. ताई कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला. दिवसभर परक्यांचे दात मेणात बसवायचे आणि संध्याकाळी बापाच्या मिटल्या तोंडात चमचा घालायचा, हाच तिचा दिनक्रम. त्यात साखरेनं दावा साधला. डाव्या पायाचा अंगठा काळा पडला, काळेपणा चढत घोट्याच्या वर आला. धड राहिलेला तेवढा एकच पाय, आणि नेमका तोच!

"गुडघ्यापासून काढावा लागेल," सर्जनबाई म्हणाल्या. "नाही काढला तर विष अंगभर भिनेल. मग फार दिवस नाहीत. उद्या सकाळी काय ते सांगा."

धाकट्या भावाचा लांबून फोन आला. "विचार कसला करतेस, ताई? सही करून मोकळी हो. बाप काय पुन्हा मिळणार आहे?" खाट उचलायला येणार नव्हता, पण सल्ला द्यायला पहिला! ताईनं फोन ठेवला. तिला एवढंच हवं होतं, की अण्णांनी स्वतः सांगावं. पाय त्यांचा, जीव त्यांचा.

भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. ताई पिशवी आवरत होती. घंटा कानावर पडली तशी लहानपणीची सवय जिभेवर आली आणि ती आपली पुटपुटली, "इफ द बेल रिंग्ज..."

"वी शॅल गो होम," खाटेवरून आवाज आला.

घोगरा, वाकडा, पण अण्णांचाच. ताईनं पिशवी खाली ठेवली. हे पाठांतर असेल, तिला वाटलं. म्हणून टेबलावरचं दवाखान्याचं पाणचट सूप दाखवून तिनं कुठल्याच पुस्तकात नसलेलं अर्धं वाक्य टाकलं, "इफ यू ड्रिंक धिस..."

"आय शॅल व्हॉमिट."

ताई इतकी खदखदून हसली, की शेजारचा पेशंट दचकून जागा झाला. मग तिला रडू कोसळलं. माणूस आत होता! इतके महिने आत बसून होता, आणि त्याला बाहेर काढायला कुणी अर्धं वाक्यसुद्धा पुढे केलं नव्हतं.

डोळे पुसून तिनं जीव मुठीत धरला. "इफ दे कट द लेग..."

अण्णांनी वेळ घेतला. "यू विल कॅरी मी." तुला मला वाहावं लागेल.

"इफ दे डोन्ट..."

"आय शॅल गो." मी जाईन. हे मात्र पटकन आलं.

आता एकच उरलं होतं. दुसऱ्याच्या जागी उभं राहायचं असेल तेव्हाचं वाक्य म्हणून अण्णांनीच ते शिकवलं होतं. मी तुमच्या जागी असते तर. "इफ आय वर यू, अण्णा..."

"आय वुड गो होम," अण्णा म्हणाले, आणि डाव्या हातानं त्यांनी तिच्या हातावर थोपटलं. फूटपट्टी बसायची त्याच हातावर.

सकाळी ताईनं हे सगळं सर्जनबाईंना सांगितलं. बाईंनी स्वतः येऊन सरळ प्रश्न विचारून पाहिला. अण्णा छताकडे बघत राहिले. "असं होतं," बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "पाठ झालेली वाक्यं मेंदूत शिल्लक राहतात. ती काही पेशंटची इच्छा नव्हे." त्या सुपाचं सांगायला ताईनं तोंड उघडलं आणि मिटलं. बाईंनी तिला आयता आडोसा दिला होता, आणि खरं सांगायचं तर तिला तो हवा होता. बापाला आपल्या हातानं मरू द्यायचं म्हणजे काय खायचं काम आहे? बोलता झालेला बाप कालच तर परत मिळाला होता तिला. तिनं सही केली.

ऑपरेशन उत्तम झालं. भावानं फोनवर तिचं कौतुक केलं.

दोन दिवसांनी अण्णा पुरते शुद्धीवर आले. चादर डाव्या बाजूला गुडघ्याखाली सपाट होती. त्यांनी ती पाहिली, मग ताईकडे पाहिलं. डोळ्यांत राग असता तर तिनं सोसला असता. नुसतं पाहिलं आणि मान भिंतीकडे वळवली.

"इफ यू आर थर्स्टी, अण्णा..." ती म्हणाली. काही नाही. "इफ इट हर्ट्स..." काही नाही. ती खाटेला वळसा घालून भिंतीच्या बाजूला गेली, त्यांच्या तोंडासमोर वाकली. त्यांनी डोळे मिटले. झटक्यानं मिटलेलं तोंड आणि आता त्यांनी स्वतः मिटलेलं तोंड, यातला फरक दातांचं काम करणाऱ्या पोरीला कुणी सांगायची गरज नव्हती.

भेटीची वेळ संपली, घंटा झाली. आजूबाजूचे लोक उठले, डबे पिशव्यांत गेले. ताई वाट बघत उभी राहिली.

"इफ द बेल रिंग्ज, अण्णा..."

नर्स येऊन म्हणाली, "चला, ताई, वेळ झाली."

"वी शॅल गो होम," ताईच म्हणाली, आणि पिशवी उचलून निघाली.