न शिवलेला पिंड

मंगळवारची भुताची मालिका बुधवारी दुपारी पुन्हा दाखवायचे. आम्ही सासू-सुना पडवीत शेवंतीचे हार ओवता ओवता ती बघायचो. मखमलाबादला आमचा फुलांचा मळा, संध्याकाळच्या बाजाराला हार जायचे. भूत आलं की आत्याबाई सुई बोटात टोचून घ्यायच्या आणि वर मलाच शिव्या द्यायच्या. लय मजा यायची. दोन हजार चारचा तो एक बुधवार मात्र माझ्या मुळावर आला.

आधी घाटावरचं सांगते, नाहीतर काही कळायचं नाही.

आमचे हे, लहानू, एक्क्याण्णवच्या दसऱ्याला झेंडू घेऊन बाजारात गेले. माल विकला, टेम्पोवाल्याला म्हणाले, तू हो पुढं, आणि गर्दीत गेले ते गेलेच. पोलिस झाले, देव झाले, ज्योतिषी झाले. बारा वर्षं लोटली की माणूस मेला असं धरतात, दर्भाचा पुतळा करून जाळतात आणि दहावं घालतात. माझे धाकटे दीर रंगनाथ यांची पोर लग्नाची झाली होती आणि स्थळं परत जात होती. घरात माणूस अधांतरी आहे म्हणून अडतंय, असं त्यांना कुणीतरी सांगितलं. आत्याबाई भांडल्या, दोन दिवस जेवल्या नाहीत, शेवटी रामकुंडावर आल्या.

तिथले कावळे पोटभर खाल्लेले, तरी शेजारच्या पिंडांवर तुटून पडत होते. आमच्या पिंडाकडं एक बघेल तर शपथ. तसं झालं की मेलेल्याची इच्छा राहिली म्हणतात, मग घरचे एकेक करून कबूल करतात. भाऊजी म्हणाले, आईला सांभाळीन. जाऊ म्हणाली, जाऊबाईंना अंतर देणार नाही. कावळे ढिम्म. मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी मान खाली घातली. दोन तासांनी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

मी गप्प का बसले ते फक्त मला माहीत. त्या दसऱ्याच्या सकाळी आमचं वाजलं होतं. पोर होत नाही म्हणून त्यांनी मला बोल लावला आणि मी म्हणाले, ‘जावा, पुन्हा तोंड दाखवू नका.’ मी तोंडाळ आहे हे सगळ्या मखमलाबादला माहीत, त्यांनाही माहीत होतं. घाटावर हात जोडून एवढंच म्हणायचं होतं की शब्द माघारी घेते. पण मी म्हणावं आणि कावळा शिवावा, म्हणजे ते मेलेच की. माझी जीभ रेटेना.

आत्याबाई मात्र घाटावरच फुलल्या. ‘जित्या माणसाच्या पिंडाला कावळा शिवंल कसा?’ घरी बायका माझं कुंकू पुसायला आल्या, त्यांना ठमाबाईनं, म्हणजे माझ्या सासूनं, हाकलून दिलं आणि स्वतःच्या बोटानं मला कुंकू लावलं. तेव्हापासून लहानूची एक भाकर रोज दुरडीत असायची. संध्याकाळी ती गाईला घालायची. वर्षभर म्हातारीनं गुडघ्याचं नाव काढलं नाही. खोटं कशाला बोलू, फाटक वाजलं की मीही बघायला लागले होते.

आणि त्या बुधवारी टीव्हीवर घाट दाखवला. पिंड ठेवलेला, कावळा येईना. मी हसून म्हणाले, ‘बघा आत्याबाई, आपल्यासारखंच. आता यांचा पोरगा येतोय घरी.’

पोरगा आला. ओल्या कपड्यांत, आईच्या मागं उभा. आईला दिसेना. तो म्हणाला, ‘आई, मी तर कधीच गेलो. माझा जीव अडकलाय, म्हणून कावळा शिवत नाही.’ मग जाहिरात लागली.

आत्याबाईंची सुई थांबली. त्यांनी हळूच मान वळवून मागं पाहिलं. मागं भिंत होती आणि दुरडी.

‘नाटक हाय हो ते,’ मी म्हणाले. ‘कावळापण शिकवलेला असंल.’

‘गुरुजीपण हेच बोलले होते,’ त्या म्हणाल्या. ‘म्याच ऐकलं नाय.’

मी टीव्ही बंद केला. त्या माझ्याकडं वळल्या. ‘समद्यांनी कबूल केलं, चिमणे. तू का नाय बोललीस? तुला ठाव हाय त्याचं काय राहिलं ते.’

तेरा वर्षं कुणी विचारलं नव्हतं. मी सांगून टाकलं. वाटलं, आता ही मला मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्या उठल्या, दुरडीतली भाकर घेतली आणि मला हाताला धरून विहिरीवर नेलं. भाकर कठड्यावर ठेवली.

‘बोल,’ म्हणाल्या. ‘पोरगं ताटकळलंय माझं.’

‘आत्याबाई, नको. ही भाकर हाय, भाकरीला कावळा येणारच. रोज येतो.’

‘बोल.’

मी नाही म्हटलं असतं तर तिथंच बसून राहिल्या असत्या. मी हात जोडले. ‘शब्द माघारी घेते. या घरी.’ ‘या घरी’ म्हणताना मला रडू फुटलं, कारण ते मी मनापासून म्हणत होते.

निंबावरून कावळा उतरला. भाकरीचा तुकडा तोडला आणि गेला. मग दुसरा आला.

आत्याबाईंनी ‘सुटला’ म्हणून हात जोडले. मग पदराचं टोक विहिरीच्या बादलीत भिजवलं, माझी हनुवटी धरली, आणि ज्या हातानं लावलं होतं त्याच हातानं माझं कुंकू पुसलं. नीट पुसलं, कडेकडेनं.

मी त्यांना पुन्हा म्हणाले, ती भाकर होती. त्यांनी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एक भाकर कमी थापायला सांगितली.