डाळिंबाच्या सालीचा अर्क

"अजून मोठा आ कर," तो म्हणाला. बायकोच्या हिरड्यांवरून कापसाची काडी फिरवून, कापसाकडे नीट न बघताच त्याने ती नळीत टाकली आणि कामाला पळाला.

हिरड्यांतून बरेच दिवस रक्त येत होतं. डॉक्टरकडे जायचं ती आजचं उद्यावर ढकलत होती, आणि खरं सांगायचं तर त्यालाही घाई नव्हती. दंतमहाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत हिरड्यांचे जंतू वाढवणं हेच त्याचं काम. घरचं दुखणं आपणच बरं करावं, अशी हौस त्याला आली होती.

पहिल्या खेपेला काचेच्या बशीत तिच्या तोंडातले जंतू दाट उगवले होते. त्यांच्यात डाळिंबाच्या सालीच्या अर्कात भिजवलेली कागदाची टिकली ठेवली, तर तिच्याभोवती जंतूंचा मागमूस राहिला नाही. तो स्वच्छ गोल बघून स्वारी हवेत गेली. अर्काची बाटली घरी आली. कडू, तुरट, तोंडात धरवत नसे.

"जंतूंच्या आधी मीच जायची," ती हसून म्हणायची, पण चूळ भरायची. बेसिन लख्ख असायचं. गुण येतोय, असं तो सगळ्यांना सांगत सुटला.

आता, चार दिवसांनी, नव्या काडीची दुसरी बशी उघडली, तर तीत जवळजवळ काहीच उगवलं नव्हतं. विभागप्रमुख बाईंनी ती उजेडात धरली. तो शाबासकीची वाट बघत उभा राहिला. बाईंनी मात्र नळीतली काडी उचलली.

"जंतू तर गेले. मग हा कापूस एवढा लाल कसा? तुमच्या बायकोच्या अंगावर काळेनिळे डाग आहेत का? आधी रक्त तपासून घ्या."

डाग होते. येताजाता धडकतेस म्हणून तो तिला चिडवत असे.

भरदुपारी तो घरी पोचला, तेव्हा ती बेसिन घासत होती. पाणी अजून गुलाबी होतं.

"तुम्ही एवढ्या हौसेने करता," ती खाली बघत म्हणाली. "म्हटलं, हिरमुसाल."

त्याला स्वतःची लाज वाटली. मनगट धरून त्याने तिला रक्त तपासायला नेलं. एरवी शंभर सबबी सांगणारी बायको मुकाट्याने आली, याचीच त्याला जास्त भीती वाटली.

नंबर येईपर्यंत दोघं बाकावर बसली. बऱ्याच वेळाने त्याने हात सोडला. गोऱ्या मनगटावर त्याची चारही बोटं निळी उमटली होती.

तिने बाही खाली ओढली.

"दुखत नाही हो," ती म्हणाली.