तेच आणि तसंच

भाऊ गेल्यावर महिनाभरात वहिनींचा फोन आला. "ताई, दिवे लागतात हो त्यांच्या खोलीत. पंखा फिरतो. रेडिओ हळू आवाजात सुरू होतो. रोज संध्याकाळी."

घरातले दिवे-पंखे सांभाळणारा प्रोग्राम भावानंच लिहिलेला. घरी कोण आलं ते ओळखून तो त्या माणसाच्या सवयींच्या नोंदीप्रमाणे सगळं सुरू करायचा. ताईही त्याच धंद्यातली. तिनंच मागच्या आठवड्यात त्यातून त्याचं नाव पुसलं होतं. तरीही हे?

दुपारी येऊन तिनं प्रोग्राम उघडला आणि तासाभरात तिला ते सापडलं. भावानं आपल्या लेकीसाठी वेगळी नोंद केलीच नव्हती. स्वतःच्या नोंदीलाच लेकीचं नाव जोडलं होतं. नोंद एक, नावं दोन.

"एक नाव पुसलं म्हणून नोंद जात नाही, वहिनी. दुसऱ्या नावानं तिला धरून ठेवलंय. लेक कॉलेजातून आली, की घराला वाटतं तोच आला."

"म्हणजे ते नाहीत ना?"

"नाहीत."

वहिनींनी पदरानं डोळे टिपले. "मग सोडवा बाई एकदाचं. जीव टांगणीला लागलाय माझा."

ताईनं लेकीची नवी नोंद केली, तिचं नाव तिकडे वळवलं. जुनीला आता कुणीच धरून नव्हतं. अशा बेवारशी नोंदी यंत्र आपसूक झाडून टाकतं, तीही गेली.

संध्याकाळी लेक आली. चपला काढून थेट बाबांच्या खोलीकडे गेली आणि दारातच थबकली. आत अंधार.

"काय केलंत तुम्ही?"

ताई समजावू लागली, "अगं, चूक राहिली होती बाबांची..."

"चूक नव्हती, आत्या. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी बाबांनी मला शेजारी बसवून केलं होतं ते. म्हणाले, मी नसलो तरी तू आलीस की खोली उजळेल. आईच्या नकळत, दार लोटून मी रोज बसते तिथं."

वहिनी खुर्ची ओढून बसल्या. "मला का नाही सांगितलंस?"

"तू त्या खोलीचं नाव काढलं तरी रडायचीस."

घरानं वर्षानुवर्षं शिकलेल्या भावाच्या सवयी त्या नोंदीत होत्या: कुठला दिवा किती मंद, रेडिओचा आवाज किती. ताई म्हणाली, "मी पुन्हा लिहून देते गं. अगदी तसंच."

"तसंच होईल," लेक म्हणाली. "तेच नाही होणार."

वहिनी उठल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्या खोलीत गेल्या, चाचपडत बटण दाबलं. पांढरा, भगभगीत उजेड पडला. भावाला असा उजेड कधीच आवडत नसे.