व्हर्जिलचं पॉलिश

“ओरिजिनल आहे,” टेबलापलीकडचा माणूस म्हणाला आणि लोवेलच्या डोक्यात तिडीक गेली.

ओहायोतल्या जत्रेच्या मैदानावरच्या शेडमध्ये भरलेल्या जुन्या बंदुकांच्या बाजारात सकाळपासून हाच शब्द ऐकून त्याचे कान किटले होते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांतलं रिव्हॉल्व्हर, कुणीतरी हौसेनं पॉलिशच्या चाकावर घासून नव्यासारखा काळानिळा रंग चढवलेलं, आणि वर तोंड करून सांगायचं, ओरिजिनल. लोवेल निवृत्त बसमेकॅनिक. त्याला संग्रह करायचा नव्हता. त्याला फक्त वडिलांचं रिव्हॉल्व्हर हवं होतं. वडील शेरीफच्या हाताखाली पोलीस होते. ते वारले तेव्हा लोवेल सैन्यात होता, आणि आईनं रिव्हॉल्व्हर घर तापवायची भट्टी दुरुस्त करणाऱ्याला मजुरीपोटी देऊन टाकलं. तेव्हापासून तो अशी टेबलं पालथी घालत होता. बायकोही आता टोमणे मारून दमली होती.

“ओरिजिनल?” लोवेलनं ते उचललं. “अहो, स्क्रूच्या भोकांचे काठ बघा, बशीसारखे खोलगट झालेत. नळीवरची अक्षरं पुसट. आणि हा घोडा? कारखान्यातून येतो तेव्हा याच्यावर रंगांचे ढग असतात, पाण्यावर तेल सांडल्यासारखे. तुमचा कोळशासारखा काळा.”

“घ्यायला आलात की नापास करायला?”

“कुठल्या गाढवानं केलंय हे?”

“या गाढवानं,” तो माणूस म्हणाला. छातीवरच्या बिल्ल्यावर त्याचं नाव होतं, व्हर्जिल. “अख्खा हिवाळा गॅरेजात घासत बसलो होतो.”

इथं थांबायला हवं होतं. पण या टेबलांवर आधी मालाला नावं ठेवायची आणि मग भावाचं बोलायचं, ही रीतच होती. शिवाय लोवेलचा पारा चढलेला.

“सगळ्या भागांवरचे नंबर तरी जुळतात का?” म्हणत त्यानं गोळ्यांचं चक्र बाहेर काढलं आणि चष्मा नाकावर ओढून नळीच्या खालची खाच पाहिली. तिथं पॉलिशचं चाक पोहोचत नाही.

लहानपणी वडील जेवणाच्या टेबलावर त्याच्याकडून एक नंबर म्हणून घ्यायचे. चोरीला गेलं तर घरात कुणाला तरी सांगता आला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. पाढे चुकले तरी चालायचं. हा नंबर चुकला की ताट पुढं येत नसे.

लोवेलनं खाचेतला नंबर वाचला. पुन्हा वाचला. मग टेबलाची कड धरली.

“काय झालं? तेही खोटं निघालं?”

“हे माझ्या वडिलांचं आहे.”

“वा. आत्तापर्यंत गाढवाचं होतं.” व्हर्जिलनं ते त्याच्या हातून काढून घेतलं. “भाव पाडायची वेळ आली की इथं सगळ्यांचे वडील निघतात. तुम्हाला नाही विकायचं मला.”

लोवेलला संताप आला, व्हर्जिलचा आणि त्याहून जास्त स्वतःच्या जिभेचा. त्यानं काही न बघता नंबर म्हणून दाखवला, लहानपणीच्या त्याच सुरात. व्हर्जिलनं खाचेतला एकेक आकडा ताडून पाहिला.

“माझ्याकडं आलं तेव्हा नळीच्या तोंडाशी उजवीकडं पार पांढरं पडलं होतं,” तो म्हणाला.

“चामड्याच्या म्यानात घासून. रोज काढायचे, रोज ठेवायचे.”

“मुठीच्या बुडाला एक टवका उडालेला.”

“मुठीनं कुंपणाचा खिळा ठोकला होता वडिलांनी. आई आठवडाभर बोलत होती.”

“तो मी घासून काढला,” व्हर्जिल हळू आवाजात म्हणाला. “फार मेहनत पडली हो.”

“दिसतंय,” लोवेल म्हणाला. रागावण्यासारखं पुष्कळ होतं, पण या माणसावर आता रागावता येईना.

चिठ्ठीवर होता तोच भाव त्यानं दिला. रिव्हॉल्व्हर हाती द्यायच्या आधी व्हर्जिलनं फडकं घेतलं आणि पोलादावर उमटलेले लोवेलच्या बोटांचे ठसे पुसायला लागला. लोवेलनं त्याचा हात धरला.

“राहू द्या.”

“अहो, घामाचे ठसे आहेत. गंज चढेल.”

“चढू दे.”

व्हर्जिलनं फडक्याची घडी केली आणि बाजूला ठेवली.