पाण्याचं गाणं

व्यवस्था उलथून टाकण्यासाठीच आपला जन्म झाला आहे, याबद्दल बँडमधल्या चौघांनाही शंका नव्हती. फक्त ती रविवारी उलथावी लागणार होती. इतर दिवशी ड्रमवाल्याची कारखान्यात पाळी असे.

बँड हार्डकोर पंक वाजवायचा. सत्तेला शिव्या घालता घालता गाणं मध्येच हुंदक्यावर यायचं, आणि मूठ वळायची की रुमाल काढायचा, ते ऐकणाऱ्यांना कळत नसे. या बँडला कमी लेखलं गेलं, असं म्हणायचीही सोय नव्हती. त्यासाठी आधी कुणीतरी लेखायला लागतं. गाणाऱ्याला सगळे भोंगा म्हणत.

तोच भोंगा आज टक्कल आणि ऑफिसची बॅग सांभाळत गिटारवाल्याच्या पंखे-मिक्सर दुरुस्तीच्या दुकानात स्टुलावर बसला होता. गिटारवाल्याच्या बहिणीने फोन करून बोलावलं होतं. दादाचा एक कान गेलाय, दुसराही फार दिवसांचा सोबती नाही म्हणतात. त्याला ते पाण्याचं गाणं एकदा ऐकायचंय.

गाणं याच वस्तीचं. नळ दिवसाआड यायचा तेव्हा भोंग्याने ते लिहिलं आणि पाणीखात्याच्या दारात मोर्चापुढे गायलं. खात्याच्या साहेबांनी त्याला आत बोलावलं, चहा पाजला, आवाजाचं कौतुक केलं, आणि जागा भरायच्या आहेत म्हणाले. खातं आतून बदलू, असं भोंग्याने तिघांना समजावलं. ड्रमवाला हसला. गिटारवाल्याने तारा सैल केल्या आणि गिटार पिशवीत घातली. पुढे बदल खरंच झाला. नळ आठवड्याने यायला लागला, आणि वेळापत्रकाखाली भोंग्याची सही यायला लागली.

"कर सुरू," गिटारवाला म्हणाला आणि त्याने चांगला कान पुढे केला.

भोंग्याने जुन्या सवयीने डोळे मिटून आवाज लावला. दुसऱ्याच ओळीला घसा बसला. उरलेलं गाणं त्या कानाशी तोंड नेऊन, सावकाश, गोष्ट सांगावी तसं सांगावं लागलं. खुर्चीतून न हलता सह्या करणाऱ्या साहेबाचं कडवं आलं. ते गाळावं, असं त्याच्या मनात आलं. पण गिटारवाल्याचा हात खांद्यावर होता, आणि बोटं अजून ठेका धरून होती. त्याने तेही म्हटलं.

"आयला भोंग्या, असे शब्द होते होय? मला वाटायचं, तू नुसता बोंबलतोस."

"मग वाजवत कशाला होतास?" भोंग्याने कानात विचारलं.

"तू मध्येच रडायचास ना. म्हटलं, काहीतरी खरं असणार."

भोंग्याच्या घशाला कोरड पडली होती. त्याने कोपऱ्याकडे पाहिलं. पिंप आणि पाण्याचा जग, दोन्ही पालथी होती. त्याने अंगठा ओठांशी नेला.

"मंगळवारी येईल," गिटारवाला म्हणाला.

त्या दिवशी शुक्रवार होता.